नवरीच्या खुर्चीत

३ फेब्रुवारी, बीड
बार्शी रोडच्या कार्यालयात लग्न. पाहुणे यायच्या आधी सुनीलनं मला नवरीच्या खुर्चीत बसवलं. फोटोंआधीची लाईट टेस्ट. असिस्टंट सोडून गेल्यापासून हे काम माझ्याकडं, दोन वर्षं झाली. (तोंडावर अहो, वहीत सुनील. नवरा असला म्हणून काय झालं.)
"हनुवटी वर. हसू नको, मला सावली बघायची हाय."
हसणार नव्हतेच. त्यानं स्क्रीनवर माझं नाक मोठं करून बघितलं, ओके म्हणाला, मला उठवलं. मग खरी नवरी आली.

५ फेब्रु.
हार्डडिस्क भरलीय, जुन्या लाईट टेस्ट उडवून टाक म्हणाला. उडवल्या नाहीत. "इन्व्हर्टर बिल" नावाचं फोल्डर करून त्यात ठेवल्या, ते कोण उघडतंय.
ओळीनं लावून बघितल्या. खुर्च्या बदलतात. लाल, सोनेरी, मोराची. सुरुवातीला मी जीभ काढलेली, एकात कुणाच्या तरी मुंडावळ्या लावलेल्या. पुढं पुढं चाळे कमी. गेल्या दिवाळीनंतरच्या फोटोंत मी बसलेली आहे, एवढंच म्हणता येईल.
हल्ली सकाळी केस विंचरायचं जिवावर येतं. कारण विचारलं तर सांगता येत नाही. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवल्या. सगळं घर खोकलं, मी आहे तशीच.

९ फेब्रु.
गावातच एका मुस्लिम घरी मेंदी. बायकांकडं पुरुषाला आत घेत नाहीत, म्हणून कॅमेरा मी एकटी. काय झालं कळलं नाही. तोंडांसमोर कॅमेरा उचलवेना. ती सगळी हसत होती आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. हातांचेच फोटो काढत गेले. कोपरापासून खाली.
नवरीच्या फूफूनं, म्हणजे आत्यानं, मागं येऊन स्क्रीन बघितली. "क्यों गे, सबकी मुंड्यां किदर गयीं?"
मी हसले. मग पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन रडले, बराच वेळ. ती शरबत घेऊन आली. म्हणाली, "दवाखाने कू जा. मेरी बहू भी गयी थी. शरम नक्को."
शेवटी तिनंच सगळ्यांना एका जागी बसवलं, एक ग्रुप फोटो झाला. तेवढीच तोंडं.

१० फेब्रु.
सुनीलनं कॅमेऱ्याचं कार्ड बघितलं. "मेंदी हाय का हाडवैद्याची जाहिरात?"
बोलून सांगणं जमलं नसतं. ते फोल्डर उघडून लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला.
बघत गेला. "हिथं लाईटची छत्री लई डावीकडं गेलीय." पुढचा. "हिथं बरा आलाय लाईट."
मी म्हणाले, "आणि मी?"
परत पहिल्यापासून बघितले, हळूहळू. चहा तसाच ठेवून स्टुडिओत निघून गेला.
त्या वेळी मला तो अजिबात आवडला नाही. लिहून ठेवते.

११ फेब्रु.
काही नाही. तो दिवसभर स्टुडिओत.

१४ फेब्रु., अंबाजोगाई
सकाळी म्हणाला, "आवर, अंबाजोगाईला जायचंय." शूट असेल वाटलं, पण कॅमेऱ्याची बॅग घेतली नाही. सासूबाईंना सांगितलं, देवीला जातोय. सरकारी दवाखान्यात नेलं. मानसोपचारची ओपीडी.
डॉक्टर बाई माझ्याहून लहान. "कधीपासून होतंय असं?"
मोबाईलमध्ये ते फोटो घेतलेले होते. दिवाळीनंतरचा काढून दाखवला. सुनीलनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि मागं मागं जात राहिला. लाल खुर्चीवर थांबला. जीभ काढलेला फोटो.
"हिथून."
बाई म्हणाल्या, यात तर हसतायत.
"जीभ काढती, पण डोळे मिटून घेती. आदी तशी न्हवती करत."
मी तो फोटो किती वेळा बघितला होता. मला दिसलं नव्हतं. बाईंनी लिहून घेतलं.
परतीच्या एसटीत विचारलं, "तुमाला दिसत होतं?"
"हां."
"मग कावून बोलला न्हाईत?"
"माझ्यावर रुसलीस वाटलं."
"दोन वर्षं?"
मला भयंकर राग आला. दवाखान्यात आणलं म्हणून बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम. बऱ्याच दिवसांत एवढं काही वाटलं नव्हतं.

१५ फेब्रु.
गोळी अर्धी, जेवणानंतर. तोंड कोरडं पडतं. फरक पडायला वेळ लागेल म्हणाल्यात.
गुरुवारी लिंबागणेशला लग्न. सुनील म्हणाला, "आता खुर्चीत मी बसतो, तू घे टेस्ट." बरं म्हणाले. कॅमेरा मी धरणार. त्याच्या तोंडाकडं बघायचं का नुसत्या सावलीकडं, ते अजून ठरवलेलं नाही.