बिल्ल्याचा कान

पवनीजवळ, कार्तिक १९८३

ढोरांचे डॉक्टर साहेब यांना सोमाजीचा रामराम.

विधवांच्या योजनेतून माझ्या सुनेला, सयत्राला, तुम्ही दिलेली शेळी काल पोट फुगून मेली. शेळी मेली तर बिल्ला लावलेला कान कापून आणा, तेव्हाच दुसरी मिळेल, असे तुम्ही बजावले होते. पण शेळी गाभण होती. गाभण जनावराला, मेल्यावरही, आमच्यात सुरीचे पाते लावत नाहीत. सून धानकापणीला गेली होती. मी शेळीला कानासकट तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, पुरले.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पोरांना सून कशावर पोसेल? माझ्या शब्दावर दुसरी शेळी द्या, असे लिहायला बसलो, तर सून समोर उभी.

"मामाजी, कायले लिहून राहिले जी? डॉक्टरले कागद नाही, कान पाह्यजे."

"पाप लागते, बाई."

"मले लागू द्या. पापानं लेकरं उपाशी नाही मरत."

कुदळ घेऊन ती पाळीकडे निघाली आहे. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मी वर मोठाले दगड रचले आहेत. ते तिच्या एकटीच्याने हलणार नाहीत. म्हणून हे पत्र अर्धेच ठेवून उठतो, साहेब.

सोमाजी