टँकरच्या दिवसांची नोंद

२१ मे २०२४, मंगळवार, संध्याकाळी ६.१०. परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो.

पडेगावात पाण्याचा टँकर येतो त्या दिवशी तिथल्या मुली ग्रंथालयात येत नाहीत, हे मी तीन महिने वहीत टिपलं. त्यावरचा लेख आमच्या ग्रंथपाल मॅडम ग्रंथालयशास्त्राच्या ऑनलाइन नियतकालिकाला पाठवतायत. कुणालाही फुकट वाचता येणार. गावी, देवगावात, आईच्या मोबाइलवरसुद्धा!

पण त्यांच्या फॉर्ममध्ये लेखकाच्या नावापुढे शिक्षण विचारलंय. म्हणालो, "मॅडम, तुमचंच नाव टाका."

"लाजतो व्हय रे? वही भरली तू, अन् नाव माझं?"

किती हवंय मला ते छापलेलं नाव! पण कुणालाही वाचता येणार, म्हणजे तो रकानाही?

शेवटी लिहिलं, बारावी नापास. मॅडमनी लगेच लेख पाठवला. उत्तराला दोन महिने लागतात म्हणे. मी आत्ताच दोनदा मेल उघडून पाहिला.