लायबाची हजेरी

रत्नागिरी, मंगळवार

वडील बहीण रझियाआपा हिला धाकट्या अझीमचा सलाम.

तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही खुशाल, कारखान्यात बर्फही नीट जमतोय. तू धाडलेले सुके बोंबील पोचले. (वास आधी शेजारच्या उल्कावहिनींकडे पोचला, त्यामुळे निम्मे त्यांच्याकडे गेले.) फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू मधेच हसायला लागतेस आणि माझं पुढचं राहून जातं.

कॉलेजच्या इमारतीत काम निघालं, म्हणून महिनाभरापासून आपल्या लायबाचे वर्ग घरूनच, लॅपटॉपवर. साठ पोरं, पण पडद्यावर एकाचं तोंड दिसेल तर शपथ. नुसते काळे चौकोन आणि त्यात नावं. अर्थशास्त्राचे पाथरे सर बिचारे त्या चौकोनांकडे बघून विनोदसुद्धा करतात. रोज दहाला मी पडवीत चहा घेऊन बसायचो आणि खिडकीतून हजेरी ऐकायचो. माझे कान तुला ठाऊक आहेत. हातगाडीवर बर्फ ओढणाऱ्याचा कारखाना झाला तो या कानांवरच. कॉम्प्रेसरचं कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते मी रस्त्यावरून सांगतो. त्यामुळे "येस सर" म्हणणारा कुठे बसलाय हे कळायला मला त्याचं तोंड कशाला हवं? एकीच्या मागे कुकर, एकाच्या मागे न्हाव्याची कात्री. एकदा राहवलं नाही, खिडकीतून म्हटलं, "लायबा, तो उन्मेष भाट्याच्या किनाऱ्यावर आहे गं. सुरूच्या बनात वारा घोंगावतोय बघ." माइक चालू होता. सरांनी ऐकलं, साठ जणांनी ऐकलं, भाट्याच्या उन्मेषनेही ऐकलं. सर म्हणाले, उद्यापासून कॅमेरा चालू, तोंड दिसलं नाही तो गैरहजर. पंचाहत्तर टक्क्यांखाली गेला त्याला परीक्षा नाही. आणि आपली लायबा नेमकी काठावर.

त्या संध्याकाळी मायलेकी माझ्यावर फुगून होत्या. मला वाटलं, लायबाच्या मैत्रिणी तिच्यावर रागावल्या असतील. मला त्यावेळी दुसरीच काळजी होती. महिनाभर रोज दहाच्या सुमारास घराला लागूनच्या कारखान्यामागे आपल्या टेम्पोचा गिअर खरखरायचा. ड्रायव्हर अलीचाचांना मी किती बोललो! "वीस वर्षं गाडी चालवून क्लच विसरलात काय?" ते खाली मान घालून म्हणायचे, "होतं कधी कधी, शेठ."

दुसऱ्या दिवशी दहाला तीच खरखर, आणि मागोमाग धप्पकन आवाज. (हा गिअरचा नव्हे, एवढं मी ओळखलं.) धावत गेलो. टेम्पोचं पुढचं चाक गटारात, अलीचाचा डाव्या बाजूला, आणि स्टिअरिंगवर आपली लायबा. विचार न करता मी घरात ओरडत शिरलो, "अगो, तुझी लेक टेम्पो घेऊन गटारात गेली!" बघतो तर लॅपटॉपसमोर, लायबाची जांभळी ओढणी डोक्यावर घेऊन, ताठ बसलेली तुझी भावजय. कॅमेरा चालू. सर नुकतेच विचारत होते, "लायबा, तुला चष्मा कधी लागला?"

मग सगळं बाहेर आलं. पोरीला गाडी शिकायची होती आणि मी नाही म्हणालो असतो. (नसतो म्हणालो, असं मी आता सगळ्यांना सांगतोय.) तिची आई म्हणाली, तू जा, तुझं "येस सर" मी म्हणते. फोनवर दोघींचा आवाज एकच, हे साऱ्या गोतावळ्याला माहीत. खिडकीबाहेर महिना काढून मलाच कळलं नाही. हजेरी देऊन उठायचं असं तिचं ठरलेलं, पण सर भाव आणि मागणी शिकवायला लागले आणि ही बसून राहिली. दोन वह्या भरल्यात.

सर भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. पायाला चिखल, तशीच लायबा लॅपटॉपसमोर येऊन माफी मागून गेली. तुझी भावजय म्हणाली, "चूक माझी आहे, सर. तिची परीक्षा नका अडवू. शिकवलेलं वाया गेलं नाही, हवं तर मला विचारा." सरांनी विचारलं, एका वस्तूचा भाव चढला तर दुसरीचा का चढतो? ही म्हणाली, "हर्णे बंदरात वारा सुटला की होड्या बाहेर पडत नाहीत, लिलावात सुरमई महागते. मग सगळ्या बायका बांगड्यावर तुटून पडतात, की बांगडाही महागला." सर म्हणाले, महिन्याची हजेरी रद्द. पण शनिवार-रविवारच्या जादा तासांना लायबा कॅमेरा लावून एकही न चुकवता बसली, तर टक्के भरतील. "आणि तुम्ही रोज बसा, बाई. तुमचा कॅमेरा बंद असला तरी चालेल."

आता दोघी शेजारी बसतात. अलीचाचांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "आवाज बरोबर ओळखलात शेठ, हात कुणाचा तेवढं चुकलं."

गुडघ्याला तेल चोळत जा, आणि जिना चढू नकोस.

तुझा,
अझीम

ता. क. : चढू नकोस म्हटलं, पण एकदा चढ, किंवा कुणाला तरी चढव. तुझ्याकडे, आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर, रजयांखालच्या ट्रंकेत तुझ्या भावजयीची बारावीची गुणपत्रिका असेल, ती लगेच धाड. बाहेरून बी.कॉम.चा अर्ज या महिन्यातच भरायचाय. तिने मागितलेली नाही, मागणारही नाही. लग्नानंतर पुढे शिकून काय करायचंय, असं तू आणि मीच म्हणालो होतो.

आणखी एक : त्याच ट्रंकेत माझाही शाळेचा दाखला सापडेल. तो सातवीचा आहे. तो तिथेच राहू दे. लायबाला मी दहावी सांगितलंय.