पायथ्याचा देव पाणी घेईना

तीर्थस्वरूप सोमलिंग मामांना भाचा शंभुलिंगचं पाया पडून शरणु शरणार्थ.

इकडं सगळे ठीक आहेत. म्हणजे आता ठीक आहेत, मागच्या सोमवारी विचारलं असतं तर वेगळं लिहिलं असतं. तुमच्या गुडघ्याला उमरग्याच्या डॉक्टरचं औषध लागू पडलं का? दुकान कसं चाललंय? मार्केटात माल भरायच्या दिवसांत रिकाम्या पोत्याला लई मान असतो असं तुम्हीच सांगता, तेव्हा चांगलंच चाललं असणार. पोत्यांवरून मामीशी वाद घालून तुम्ही दुकानातच मुक्काम टाकला, त्यात मी पडत नाही. मी लहान माणूस. (घरात पोतीच पोती, बसायचं कुठं, हे मामीचं म्हणणं मला पटतं, पण मी त्यात पडत नाही.)

तुम्हाला वाटत असेल, हा पोरगा अजून गावातच कसा टिकला. मलाही तेच वाटतंय. हैदराबादच्या ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा निदान रोज नवीन ढाबा दिसायचा. अणदूरजवळच्या एका ढाब्यावर तर असली शेंगाची चटणी मिळते की... असो. तर मी आता तलावाच्या कामावर आहे. गेल्या पावसात आपल्या तलावाची पाळ एका अंगाला खचली होती हे तुम्हाला ठाऊक आहे. मातीचीच पाळ ती. ती फुटली तर पहिलं घर तुमचं, दुसरं पार्वतम्मा काकूचं, मग अख्खी खालची वस्ती. म्हणून यंदा धाराशिवहून पाटबंधारे खात्याच्या भुवनेश्वरी मॅडम आल्या आणि पाळीत सेन्सर बसवले. पायथ्याशी जमिनीत उभे पाइप पुरलेत. पाळीच्या पोटात पाणी किती चढलं ते त्यांतून कळतं. वर एक डबी आहे, पाळ केसभर जरी कलली तरी तिला समजतं. हे सगळं मॅडमच्या संगणकात जातं, आणि त्या संगणकात, मामा, आपला तलाव हुबेहूब उभा केलाय. त्यात खोटा पाऊस पाडतात, खोटं पाणी चढवतात आणि पाळ कुठून फुटेल ते बघतात. मी विचारलं, आमच्या मामाचं घर कुठाय? मॅडमनी एक बारका चौकोन दाखवला. बघता बघता त्याच्यावरून निळं पाणी गेलं. मी घरी येऊन मामीला सांगितलं, तर ती म्हणाली, “संगणकातलं गेलं न्हवं? जाऊ दे. त्यात पोती व्हती का?”

माझं काम सोपं. डबी पुसायची, पाळीवरच्या शेळ्या हाकलायच्या, आणि मोबाइलवर लाल निरोप आला की भोंगा वाजवून वस्ती शाळेत न्यायची. आयुष्यात पहिल्यांदा हातात भोंगा आला. (तो नीट चालतो का ते मी दोनचारदा बघितलं. लोकांनी उगाच बोंब केली.)

आता घोळ कुठं झाला ते ऐका. खचल्या अंगाच्या पाइपाभोवती सिमेंटचा ओटा करायला अमरनाथ मिस्त्रीला सांगितलं. मॅडमनी कागदावर काढून दिलं होतं, गोल ओटा करा, पावसाचं पाणी साचू नये म्हणून एका बाजूला पन्हळ ठेवा. अमरनाथ मिस्त्रीनं जन्मभर देवळंच बांधली. हाताला जे वळण, तेच काम झालं. गोल ओटा, त्याला सुबक पन्हळ, पन्हळीचं तोंड बरोबर उत्तरेला, आणि मधोमध गोल टोपणाचा काळा पाइप. मी लांबून बघितलं आणि माझेच हात जोडले गेले. मग बायकांचं काय सांगावं? श्रावणाचा पहिला सोमवार उजाडला आणि पार्वतम्मा काकू तांब्या घेऊन हजर. पाणी घातलं, विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला. तिचं बघून सगळी खालची वस्ती आली. टोपणाला हवेसाठी एक भोक आहे. ते पाणी त्यातून सरळ आत.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सोमवारी मी सकाळी जरा... असो, परांड्याच्या किल्ल्यावरच्या तोफा बघायच्या राहिल्या होत्या, तिकडं गेलो होतो. तिसऱ्या सोमवारी मात्र मी गावातच होतो, आणि गर्दीही जास्त होती. संगणकानं बघितलं, आभाळात ढग नाही आणि पाळीच्या पोटात पाणी भराभर चढतंय. लाल निरोप! मी भोंगा वाजवला. म्हातारी माणसं, लेकरं, कोंबड्या, एका घरचं तर तव्यावरचं अर्धं भाजलेलं धपाटं, सगळं शाळेत. एकटी मामी उंबऱ्यात बसून राहिली. “ह्या पोत्यांला कोण राखील? तुझा मामा येऊन मलाच इचारील. मी न्हाई हलत.” मी पाया पडलो, भोंगा वाजवला, रडायचंही नाटक केलं. नाही म्हणजे नाहीच.

दुपारी मॅडम जीप घेऊन आल्या. पाळ ठणठणीत. पाइपाशी गेल्या, बेलाचा ढीग बघितला, आधी चपला काढल्या, हात जोडले, आणि मग ओट्याशेजारी बसून इतक्या हसल्या की त्यांच्या ड्रायव्हरला वाटलं मॅडमना काही झालं. बायकांना रागावल्या नाहीत. नवीन टोपणं मागवते म्हणाल्या, आणि तोवर या पाइपाचं सोमवारचं मोजमाप संगणकानं धरू नये असं करून ठेवलं. मलाही ते पटलं. उलट मीच म्हणालो, “मॅडम, सोमवार सोडूनच द्या.”

टोपणं यायची होती ती आलीच नाहीत. पाऊस मात्र आला. भाद्रपदात असा धरला की ओढा कुठला आणि रस्ता कुठला कळेना. सांडव्यावरून पाणी उड्या मारत होतं. संगणक पिवळा दाखवत होता, म्हणजे लक्ष ठेवा, पळू नका. त्यात नेमका सोमवार. मी डोक्यावर खताची पिशवी घेऊन पाळीवर फिरत होतो, तेवढ्यात पायथ्याकडून पार्वतम्मा काकूची हाक आली, “शंभ्या! आरं देव पाणी घेईना!”

मला आधी समजेना. खाली जाऊन बघितलं. काकू तांब्यातलं पाणी ओततेय आणि टोपणातून ते तसंच परत बाहेर येतंय. आणि काकूनं तांब्या बाजूला घेतला तरी येतच राहिलंय! काकू कानाला हात लावून म्हणते, “माझं काय चुकलं रं बाबा?” पाइप तोंडापर्यंत भरलाय म्हणजे पाळीचं पोट भरलंय, आणि संगणक तर सोमवार म्हणून तिकडं बघतच नाही. जरा पुढं बघितलं तर गवतातून गढूळ पाणी झिरपत होतं. पाळीतली माती सोबत घेऊन.

मॅडमना फोन लावला. त्यांनी तिकडं संगणकाला सोमवार परत दिला, आणि तो लगेच लालबुंद. पण मामा, त्याच्या उपकाराचंही लिहिलं पाहिजे. गढूळ पाणी आलं की आम्ही ते माती टाकून बुजवूनच टाकलं असतं. संगणकातल्या पाळीवर मॅडमनी तेच करून बघितलं, तर पाळ शेजारून फुटली. म्हणाल्या, “बुजवू नका, पाणी निथळू द्या. त्याच्याभोवती वाळू-खडीच्या पोत्यांची गोल भिंत रचा, आणि कालव्याचं दार पूर्ण उघडा.” वस्ती शाळेत गेली, गडीमाणसं पायथ्याला. अमरनाथ मिस्त्रीनं भिंत रचली. (तीही देवळाच्या गाभाऱ्यासारखीच झाली. त्याला इलाज नाही.) दिवस मावळायच्या आत भिंतीतून येणारं पाणी नितळ झालं. मॅडमनी फोनवर विचारलं, पाण्याचा रंग कसा? मी ओंजळीत घेतलं, माझ्या हातावरच्या रेषा दिसल्या. तसंच सांगितलं. पार्वतम्मा काकू तिथंच चिखलात बसली आणि म्हणाली, “घेतलं गं बाई पाणी.”

वस्ती वाचली. घर जागेवर आहे, म्हैस जागेवर आहे, मामीही जागेवर आहे. आता नवी टोपणं आलीत, ओट्याशेजारी एक वेगळा दगड मांडलाय, सोमवारचं पाणी त्याच्यावर. आणि मी ठरवलंय की आता भटकणं पुरे. एका जागी राहून माणसाचं किती भलं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं. गुडघा जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
शंभुलिंग

ता.क. भिंतीसाठी पोती कुठून आणली हे वर लिहायचं राहून गेलं. तुमचीच. सगळी. मी मागितली नाहीत, माझी हिंमत होईल का? मामीच उंबऱ्यातून उठली, आत गेली आणि पहिला गठ्ठा डोक्यावर घेऊन पायथ्याला आली. मॅडम म्हणतात ती आता काढता येत नाहीत.

ता.क. दुसरं. परांड्याकडं एका तलावावर असेच सेन्सर बसवायचेत, मी उद्या तिकडं निघतोय. (तोफाही नीट बघायच्या राहिल्यात.) इथल्या भोंग्याला गावातलाच भरवशाचा माणूस पाहिजे होता, मी तुमचं नाव देऊन बसलोय. नाही म्हणू नका.

ता.क. तिसरं. पत्र बंद करताना मामीनं विचारलं, काय काय लिहिलंस? वाचून दाखवलं. चुलीकडं तोंड करून म्हणाली, “आन् हेबी लिही, घरात आता माणसाला जागा झालीया.”