‘आई’ न लिहिलेली मेल

प्रिय चिमणे,

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. नाही, थोडी घाबरच. मी तर पुरती घाबरलेय. अक्षराला नावं ठेवू नकोस. आधी कामाचं. तुझा लॅपटॉप चालू असेल तर इंटरनेट बंद कर, लॅपटॉपही बंद कर, मगच पुढे वाच. माझ्या नावाने मेल आली असेल तर तिच्यातल्या फाईलला हात लावू नकोस. मी काहीही पाठवलेलं नाही.

काल दुपारी दवाखान्यात पेशंटना डोळ्यांत थेंब घालून बसवलं आणि मी मेल बघायला घेतल्या. तुझ्या पत्त्यावरून एक आली होती. दोन वर्षांनी! त्यात एवढंच, हा फोटो बघ, आणि खाली एक फाईल. माझ्या कॉम्प्युटरवर मीच चिठ्ठी डकवलीये, पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय फाईल उघडू नये. नव्या मुलींना मी त्यावरून झापतेसुद्धा. आणि मेलमध्ये ‘आई’ नव्हतं, हे खटकलं होतं गं मला. साधं दूध आणायला सांगायचं असलं तरी तू आधी ‘आई गं’ लिहायचीस. पण म्हटलं, राग गेला नसेल अजून, फोटो तरी पाठवलाय. आणि उघडली.

फोटोबिटो कसला! पेशंटच्या फाईलींची नावं माझ्या डोळ्यांदेखत बदलायला लागली, एकामागून एक. मी सरळ प्लग उपटला. नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर होती म्हणून दवाखाना वाचला. दुरुस्तीवाला म्हणाला, व्हायरस तुझ्या लॅपटॉपमध्ये शिरलाय आणि तुझ्या नावाने तोच मेल पाठवत सुटलाय. आता माझ्या नावानेही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घर सोडताना तो लॅपटॉप तू छातीशी धरून नेला होतास, तुझ्या पुस्तकाचं अख्खं भाषांतर त्यात आहे म्हणून. त्याची प्रत काढलीयेस का? तुला पहिल्यापासून कंटाळा. फोन नंबर तू बदललास, म्हणून हे कुरिअर. लॅपटॉप जाणकाराला दाखव, पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदल.

ही मेल माझ्याकडेच कशी आली, असं मी दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तुझ्या यादीत जेवढे पत्ते आहेत तेवढ्या सगळ्यांना ती जाते. मी त्याला तीनदा विचारलं. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय. तू माझी मुलगीच नाहीस, असं त्या दिवशी मी बोलून गेले. त्यानंतर तू माझं नाव कधीच पुसून टाकलं असशील, असं धरून चालले होते मी. पण लॅपटॉप साफ करताना यादीसकट सगळं पुसावं लागतं म्हणे, आणि खरं सांगू, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटतेय. पाकिटावर मागे माझा मेलचा पत्ता लिहिलाय. पुन्हा घालशील ना गं यादीत?

तुझीच,
आई