कागदावरची मालकीण

भांडगाव, ता. दौंड
५ डिसेंबर २०२४

चि. हर्षदास मुक्तामामीचे अनेक आशीर्वाद.

फोनच केला असता, पण मी बोलायला लागले की तुझे मामा स्पीकर लावून शेजारी मांडी घालून बसतात. बातमी अशी की मी गुन्हेगार झाले. आपल्या गुऱ्हाळाच्या धुराबद्दल प्रदूषणवाल्यांची नोटीस आलीय आणि तीत नाव माझं! बायकोच्या नावावर कर्जाला सवलत मिळते म्हणून मामांनी गुऱ्हाळ माझ्या नावावर केलं होतं. इतक्या वर्षांत कुठल्या गोष्टीत मला विचारलं नाही, नोटीस घ्यायला मात्र भाकरी थापताना उठवलं.

धूर खरा आहे गं. उसाची चिपाडं मामा विकून टाकतात आणि चुलवाणात कुठल्याशा कंपनीची रेक्झिनची कात्रणं घालतात, स्वस्त पडतात म्हणून. शेजारच्या धुरपदाची नात सारखी खोकते, ते ऐकवत नाही. मामांनी उत्तर लिहून आणलंय की आम्ही फक्त चिपाडं जाळतो. म्हणतात, तू निस्ती सही कर, बाकीचं मी बघतो, हाय काय आन् न्हाई काय. वीस तारखेच्या आत उत्तर गेलं नाही तर ऐन हंगामात गुऱ्हाळाला सील. काय करू?

माया आहेच, ती कळवत जा.
तुझी मुक्तामामी

शिरूर
९ डिसेंबर २०२४

ती. सौ. मामींना हर्षदाचा सा. न. वि. वि.

मालकीणबाई, अभिनंदन! वाचल्याशिवाय सही करू नका, आणि खोट्यावर तर मुळीच नको. उद्या तुम्ही आत गेलात तर मामा डबा घेऊन येतील, तोही हॉटेलातला, कारण त्यांना चहासुद्धा करता येत नाही.

मालकीण आहात तर तसं वागा. आमच्या रांजणगावच्या सीट कव्हरच्या कंपनीत कामगार चुकला की त्याला कारणे दाखवा नोटीस देतात. एक मामांच्या हातात ठेवा. मी स्टोअरला आहे, नमुना सोबत पाठवतेय.

धाकटीच्या आगाऊपणासकट लोभ असू द्यावा.
आपली हर्षदा

भांडगाव
२१ डिसेंबर २०२४

चि. हर्षदास आशीर्वाद.

दिली मामांना नोटीस! आमचे कामगार श्री. हौसराव यांनी मालकिणीस न विचारता रेक्झिन का जाळले, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. मामांनी ती सगळ्या गुऱ्हाळाला वाचून दाखवली. गूळ शिजवणारा गुळव्या म्हाळू तर हसून हसून रसाच्या काहिलीत पडायचा राहिला. पण अठरा तारीख उजाडली, मी काही सही करीना, तेव्हा हसू आटलं. म्हणाले, बाईमाणसानं धंद्यात पडू न्हाई. मी विचारलं, मग बाईमाणसाच्या नावावर कर्ज कसं चाललं? त्यावर जेवणाचं ताट सारून उठले. मलाही बरं वाटलं नाही, सील लागलं असतं तर पोटावर माझ्याही पाय आला असता.

शेवटी परवा कात्रणांचा ढीग गाडीत भरून परत लावला, चिपाडं विकणं बंद केलं. मग मी नवं, खरं उत्तर लिहून सही केली.

त्या ढिगात एक गेटपास सापडला. कंपनी रांजणगावची. माल पुनर्वापरासाठी रवाना, असं लिहून खाली हर्षदा अशी झोकदार सही. वाचल्याशिवाय सही करू नये, असं मला कुणीतरी नुकतंच कळवलं होतं.

रागावू नकोस, पण विचार कर.
तुझी मामी

शिरूर
३० डिसेंबर २०२४

ती. सौ. मामींना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि लाजेनं कान तापले. दोन वर्षं मी ते पास फाडतेय. धुरपदाकाकूंच्या नातीच्या खोकल्यात माझाही हात आहे. आमच्या स्टोअरच्या सरांना विचारलं की पुनर्वापर होतो तरी कुठं? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फक्त सही करा, बाकीचं आम्ही बघतो. मामी, मला त्यांच्यात हुबेहूब मामा दिसले.

ड्रायव्हर पप्पूला गाठलं. तुम्ही परत लावलेला माल आता दौंडपलीकडच्या गुऱ्हाळात जातो म्हणाला. म्हणून पुढच्या पासवर मी खरं तेच लिहिलं, गुऱ्हाळात जाळण्यासाठी रवाना. आणि पास सरांपुढं ठेवून म्हटलं, या वेळी सही तुमची. त्यांना लगेच मीटिंग आठवली. प्रॉडक्शनचे सर म्हणाले, हा स्टोअरचा विषय. मोठे साहेब रजेवर गेले. नोकरी जाईल याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

तीन दिवस झाले, भरलेली गाडी गेटवर उभी आहे आणि सही करायला एकही पुरुष पुढं येत नाही.

आशीर्वादाची आज जास्त गरज आहे, मालकीणबाई.
आपली हर्षदा