एक कुरूप चालवून घ्या

बाई, मला कुरूप झालं आहे. उजव्या तळपायाला, करंगळीच्या खाली, चांगलं वाटाण्याएवढं. सोमवारी टोचायला लागलं आणि बुधवारी मी त्वचेच्या डॉक्टरांसमोर बूट-मोजे काढून बसलो होतो. त्यांनी दिव्याचं भिंग लावून बघितलं, वरची जाड कातडी ब्लेडने खरवडली, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, साधं कुरूप आहे, काळजीचं कारण नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं याआधी फक्त तुम्ही बघायचात, नुकतंच शिकवून झालेलं कुणी मागच्या बाकावरून पुन्हा विचारलं की. सगळ्याला मिळून वीस मिनिटं लागली, त्यातली दहा बाहेरच्या बाकावर मोबाईल बघण्यात गेली. बाहेर येऊन रिक्षाला हात केला, थांबलेल्या रिक्षावाल्याला नको म्हटलं, आणि त्याच पायाने बेलवलीला घरापर्यंत चालत आलो. वीस मिनिटं, बाई. तुमच्या पायाला तेवढी वेळेवर मिळाली नाहीत.

तुमचं कुरूप माझ्या संस्कृतपेक्षा जुनं. तुम्ही वर्गात कधी बसला नाहीत. अंबरनाथच्या आपल्या शाळेत तुमच्या तासाला खुर्चीवर फक्त पर्स आणि छत्री बसायची. इतक्या वर्षांच्या उभं राहण्याचा एक कडक गोळा डाव्या टाचेपाशी साठला होता आणि तुम्ही त्याला पेन्शन म्हणायचात, सरकारी पेन्शनच्या आधी सुरू झालेलं. दहावीच्या वर्षी आम्हा चौघांना तुम्ही घरी बोलावून शिकवलंत, तेही स्वयंपाकघरात, कारण वेगळा वेळ कुठून आणू म्हणालात. अजून तसंच्या तसं दिसतं. तुम्ही ओट्यापाशी पाठमोऱ्या, अनवाणी, एक पाय दुसऱ्या पायावर टेकवून उभ्या आहात. परातीत भाकरी थापली जाते आहे आणि आम्ही फरशीवर मांडी घालून शब्द चालवतो आहोत. कुणाचं चुकलं तर तुम्ही वळत नाही, रागावत नाही. फक्त भाकरी थापण्याचा आवाज थांबतो. आम्ही चूक शोधतो, सुधारतो, आवाज पुन्हा सुरू होतो. त्या थांबलेल्या आवाजाइतकी भीती मला पुढे कुठल्याच साहेबाची वाटली नाही.

मी उल्हासनगरच्या कॅम्पातला, सिंधी दुकानांच्या वरच्या खोल्यांत वाढलेला. घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि भाव करायचा तर सिंधी. संस्कृत घेतलं ते मार्क मिळतात म्हणून. अंबरनाथच्या जुन्या देवळावर निबंध लिहायला सांगितलात तेव्हा मी भाव मारायला म्हणून परोक्ष भूतकाळ वापरला होता, 'अहं ददर्श', मी पाहिलं. तुम्ही वही वर धरून सगळ्या वर्गाला विचारलंत, परोक्ष म्हणजे काय? जे आपल्या डोळ्यांआड घडलं ते, असं सगळे एका सुरात ओरडले. मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणालात, "स्वतः पाहिलेलं डोळ्यांआड कसं होईल रे? झोपेत पाहिलंस की पिऊन? शुद्धीत होतास तर अपश्यम् लिही." माणूस झोपेत असेल किंवा नशेत, तरच त्याला स्वतःबद्दल हा काळ वापरता येतो, हा नियम वर्गातला एकही जण त्यानंतर विसरला नाही. मी तर नाहीच. पुढची दोन वर्षं पोरं मला ददर्श म्हणून हाक मारत होती.

अशा माणसाने संस्कृतात एम. ए. केलं आणि औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायला लागला, याचं तुम्हाला शेवटपर्यंत हसू यायचं. पिंपांना कोणतं लिंग लावतोस, असं विचारायचात. पण पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा आपल्या दोघांत मोठा माणूस मीच ठरलो, कारण माझ्याकडे पास होता. अत्यावश्यक सेवा. बदलापूर ते अंबरनाथ मोटरसायकलवरून जाताना पोलिसांना मी तो असा दाखवायचो, जणू ताम्रपटच. तुम्ही पासष्टीच्या पुढच्या, एकट्या, दुसऱ्या मजल्यावर. ज्येष्ठांनी घराबाहेर पडू नये असं टीव्ही दिवसभर सांगत होता आणि तुमची मुलगी, आमची ताई, पुण्याहून तेच फोनवर सांगत होती. मी दर शनिवारी कारखान्यातून सुटल्यावर तुमच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवायचो, बेल वाजवून चार पायऱ्या खाली उतरायचो, मग तुम्ही दार उघडायचात. चामटोलीची एक मावशी कुळगावात नाक्यावर भाजी घेऊन बसायची, तिची माठाची पालेभाजी तुम्हाला आवडायची. पिशवीत जुडी दिसली की म्हणायचात, वा, आज द्वितीया विभक्ती प्रसन्न आहे, कर्म चांगलं आणलंस.

मे महिन्यात कधीतरी तुम्ही म्हणालात की पेन्शन वाढलं आहे. टाच टेकवत नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, आमच्याकडच्या एकांचा उघडा होता, पण ते प्लास्टिकच्या पडद्याआडून बोलायचे आणि ताप आहे का एवढंच विचारायचे. मोठं इस्पितळ कोरोनाला दिलेलं. तिथे पायाचं कुरूप घेऊन जायचं म्हणजे विस्तव आणायला वणव्यात जाण्यासारखं होतं. मग मी काय करावं? उल्हासनगरात ओळखीचं एक चपलांचं दुकान होतं, त्याचं शटर गुडघ्याइतकं वर होतं. मी वाकून हाक मारली. आतून मालक म्हणाला, "साईं, नंबर बोलो, रंग मत बोलो." दुखऱ्या पायांसाठी मऊ रबराच्या चपला मिळतात, त्या त्याने शटरखालून सरकवल्या. निळ्या. माझ्या आयुष्यात मी तुम्हाला दिलेली ती पहिली भेटवस्तू. तोवर तुम्ही कुणाला पायाही पडू द्यायचा नाहीत. पाय धरण्यापेक्षा रूपं पाठ करा म्हणायचात.

त्या दिवशी मी चार पायऱ्या खाली उतरलो नाही. तोंडाला मास्क लावून आत आलो, चपला तुमच्या पायात मीच घालणार असा हट्ट धरला. तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत बसलात (खुर्चीत बसलेल्या तुम्ही मला नव्याच वाटलात), पाय स्टुलावर ठेवलात आणि म्हणालात, "अरे, हे कुरूपच असेल ना? कडेने पसरतंय असं वाटतं. मला वाकून दिसत नाही, तू बघ जरा." आणि मी म्हणालो, "तीस वर्षं आमच्याकडून रूपं चालवून घेतलीत बाई, आता एक कुरूप तुम्ही चालवून घ्या."

तुम्ही केवढ्या हसलात. डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. ताईला फोन करून तो विनोद सांगितलात, शिष्य बरा निघाला म्हणालात. विनोद चांगलाच होता, अजूनही वाटतं. तेवढ्या एका वाक्यावर तो विषय मिटला.

चपला इतक्या मऊ होत्या की दुखणं थांबलं. हे मला फार उशिरा कळलं, की ते दुखणं म्हणजे पायाचं आपल्याशी बोलणं होतं आणि मी त्याच्या तोंडात रबर कोंबलं. दर शनिवारी मी विचारायचो आणि तुम्ही म्हणायचात, उत्तम, तुझ्या चपलांचा प्रताप. पुढे ताईने फारच धरलं म्हणून फोटो काढून त्वचेच्या डॉक्टरांना पाठवायचं ठरलं. तुम्ही तो स्वतः काढलात. त्यात अर्धी टाच, स्टुलाचा एक पाय आणि भिंतीवरचं कॅलेंडर आलं होतं. तिथी मात्र स्पष्ट वाचता येत होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, दाबाने आत रक्त साकळलेलं दिसतंय, कुरुपाची पट्टी लावा, परिस्थिती निवळली की या. माझ्याकडे पास होता, बाई, आणि बरा फोनही होता. मी फोटो कसा काढायचा ते फोनवरून समजावत राहिलो. पट्टीने जखम झाली. जखम भरेना तेव्हा तो पट्टीचा दोष ठरला, त्यात दिवाळी गेली. परिस्थिती निवळली तरी तुमचं मन निवळलं नव्हतं. जिन्यातही दोन मास्क लावून उतरायचात. हिवाळा संपता संपता एका शनिवारी दारातल्या निळ्या चपलेवर मला तपकिरी ठसा दिसला, टाचेच्या जागी. तुम्ही म्हणालात, काल पुसला होता.

मग सगळं भराभर झालं, जसं आधी व्हायला हवं होतं. तुकडा काढून तपासला. रिपोर्टवर मेलानोमा हा शब्द होता; तुम्ही म्हणालात, ग्रीक दिसतोय, माझ्या हद्दीबाहेरचा. ताई पुण्याहून आली. मुंबईच्या इस्पितळात आपण तिघं गेलो तेव्हा तुमच्या जांघेत गाठ लागत होती. तिथली डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिने हातमोजा घालून तुमचा पाय आपल्या मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला, आणि सांगितलं की आपल्याकडे हा कॅन्सर बरेचदा तळपायालाच सापडतो, माणसं त्याला कुरूप समजतात किंवा काटा, आणि गेल्या वर्षभरात तर येणारा जो तो उशिरा येतो आहे. कुणाला रागावत नव्हती. दमलेली होती. मग तिने लिहिता लिहिता विचारलं, "इतके महिने घरातल्या कुणी तळपाय बघितलाच नाही का?"

ताई रडायला लागली. मी म्हणालो, "नाही हो. लॉकडाऊन होता."

आणि भाकरीचा आवाज थांबला. म्हणजे तिथे कुठली भाकरी. पण मला तो थांबलेला ऐकू आला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी चूक शोधली नाही, सुधारली नाही. शेवटी तुम्हीच डॉक्टरकडे वळून म्हणालात, "बरोबर आहे त्याचं. परोक्ष होतं सगळं." तिला कळलं नाही, तिने मान वर केली. तुम्ही म्हणालात, "काही नाही, जुना विद्यार्थी आहे, उजळणी घेत होते."

पाय घोट्यापर्यंत काढायचं ठरलं. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आणि दुसरी लाट आली, तारीख पुढे गेली. ती झाली तोवर आजार पायात राहिलाच नव्हता. शेवटचे महिने तुम्ही त्याच गॅलरीतल्या खुर्चीत काढलेत. रिकाम्या जागी बोट दाखवून म्हणालात, लोप झाला, पण अजून दुखतंय. व्याकरणात म्हणतात तसंच, दिसत नसलं तरी कार्य चालू आहे. मी हसलो. आपल्याला दोघांना दुसरं काही करता येत नव्हतं.

आता कुणी शाळेतलं भेटलं की विचारतं, बाई कोरोनाने गेल्या ना? मी हो म्हणतो. तुम्ही असतात तर तृतीया आणि सप्तमी यांतला फरक विचारून त्यांना तिथेच रस्त्यात उभं केलं असतंत. बाई कोरोनाने गेल्या नाहीत, कोरोनात गेल्या. करण वेगळं, अधिकरण वेगळं. करण काय होतं, हे मी कुणाला सांगत नाही. लॉकडाऊन होता हे खरंच आहे. दवाखाने बंद होते, फोटो वाईट होता, डॉक्टर फोनवर होते, हेही खरं. इतकी खरी वाक्यं एकामागे एक लावली की मधलं एक खोटं कुणाला दिसत नाही.

हे पत्र पाठवायचं कुठे? तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, गॅलरीला जाळी बसवली आहे. ताईला पाठवावं असं आज दुपारभर मनात होतं, पाकीटही काढून ठेवलं होतं. नाही पाठवणार. तिला वाटतं की माझ्याइतकं तुमचं कुणी केलं नाही.

तुम्ही जन्मभर कुणाचं चुकीचं रूप चालवून घेतलं नाहीत, एकदाच घेतलंत, माझं, एका परक्या डॉक्टरसमोर. तेवढं दुरुस्त करतो. त्या दिवशी स्टुलावर तुमचा पाय होता आणि भर दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. कुरुपाच्या शेजारी आठ आण्याएवढा काळा डाग होता, निळसर, एका कडेला तपकिरी, ओल्या कागदावर शाई पसरावी तसा वेडावाकडा. कुरूप असं नसतं हे मला कळलं होतं. इस्पितळाची भीती वाटली, म्हणून आधी विनोद सुचला आणि मग मी चपला सरकवल्या, पटकन, डाग झाकला जाईल अशा. तुम्ही माझं बघणं बघत होतात.

मी झोपेत नव्हतो, बाई, आणि प्यायलेलोही नव्हतो. तेव्हा ददर्श नाही. अपश्यम्.